वेशीच्या आत लाठ्या चालल्या

मंडळी, लुगड्यावरचं रक्त अजून ओलं आहे.

आज सकाळी रहिमतपुरात वेशीच्या आतल्या बाजारात मिरच्या घेत होते. कुणीतरी 'चले जाव' ओरडलं. पोलिसांनी वेशीचं दार लावलं आणि दिसेल त्याला झोडपायला सुरुवात केली. माझ्यासमोर एका विणकराचं डोकं फुटलं. तो पडला, तरी शिपाई मारतच होता.

मिरचीवाल्या म्हातारीनं मूठभर तिखट शिपायाच्या डोळ्यांत फेकलं.

"बघत काय हुबी हाईस? उचल त्येला!" ती माझ्यावर ओरडली.

आम्ही दोघींनी त्याला कासाराच्या दुकानात ओढलं. तो शुद्धीवर आलाय. म्हातारी मात्र टोपली आणायला माघारी गेली, आणि पोलिसांनी तिला केस धरून फरफटत नेलं.

उद्या तिला सोडवायला मी ठाण्यावर जाणार आहे. तुमच्यातलं कोण येतंय?