आठवडा भरू द्या

प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी मागणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवणारी मेडिकलवाली मी आयुष्यात एकच पाहिली. खांदेश्वरला आमच्या सोसायटीच्या खालीच, सात नंबरच्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं. फार्मसीचं शिक्षण नवऱ्याचं, पण काउंटरवर उभ्या राहायच्या त्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. माहेर जासईचं, बोलण्यात 'हाय' आणि 'कोन' कायम.

पट्टी मागितली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : "किती दिवस वर गेलं?" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कानकोंडा झालो, पण उत्तर तयार होतं. सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, पाळी अठ्ठावीस ते एकतीस दिवसांत यायची आणि त्या दिवशी बत्तिसावा होता. ताईंनी पट्टी परत खणात टाकली. "म्हनजे एकच दिवस. आठवडा भरू द्या, भाऊ. आता केलीत तर असून पन नाही सांगेल, आणि वहिनी उगाच रडत बसेल." चौथ्या दिवशी पाळी आली. पट्टी वाचली, रडणं काही वाचलं नाही.

पट्टी द्यायची वेळ आलीच तर त्यासोबत सूचना मिळायच्या. सकाळची पहिली लघवी घ्यायची, कारण रात्रभराची ती दाट असते. पाकिटावर लिहिलीत तितकीच मिनिटं थांबून बघायचं. तासाभराने फिकट रेघ उमटली तर ती धरायची नाही. पट्टीवर 'नाही' आलं आणि पाळीही आली नाही, तर आणखी एका आठवड्याने पुन्हा. त्यानंतरही तसंच राहिलं तर डॉक्टर. नुकतं लग्न झालेला एक जण संध्याकाळी हटून बसला होता, आत्ताच करणार म्हणून. ताई त्याला म्हणाल्या, "घाई तुला हाय, पट्टीला नाही." एखादी मुलगी बावरून उभी असली, तर मात्र चेष्टा नसायची. पट्टी कागदात गुंडाळून वर खोकल्याच्या गोळ्या ठेवायच्या, शेजारी उभ्या असलेल्याला दिसाव्यात अशा.

आम्हाला मूल हवं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. सुनंदा अडतीस, मी त्रेचाळीस. त्या वर्षी मी हिशेब केला, तर तिच्या पाळीची तारीख नेमकी गौरीजेवणाच्या दिवशी येत होती. आईचे गुडघे गेलेले, घरात सून एकच. सुनंदा बाहेरची झाली तर गौरींचा स्वयंपाक कोण करणार, या काळजीने आईने जेवण टाकलं होतं. चार दिवस आधी मी ताईंकडे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागितल्या.

त्यांनी सरळ नकार दिला. "ज्यांना मूल हवंय त्यांनी तारीख ढकलू नये, भाऊ. दिवस गेले असले तर कळायला आज लवकर हाय, पट्टीसुद्धा खरं सांगनार नाही. पाळी चुकायची ती चुकू दे, मग बघा. आली तर वहिनी बसेल बाजूला. गौर रागवत नाही, मानसं रागवतात." मला आईचं उपाशी तोंड दिसत होतं. मी नवीन पनवेलला जाऊन दुसऱ्या दुकानातून गोळ्या आणल्या. घरी सुनंदाने विचारलं, "ताईंना विचारलंत का?" मी हो म्हणालो. "चालेल म्हणाल्या." मग तिने घेतल्या.

गौरी झाल्या, गोळ्या थांबल्या, पण पाळी आली नाही. दहाव्या दिवशी सकाळी पट्टीवर दोन रेघा उमटल्या. नवव्या आठवड्यात सगळं संपलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गोळ्यांमुळेच झालं असं म्हणता येत नाही, सुरुवातीच्या आठवड्यांत असं होतं आणि बऱ्याचदा कारण सापडत नाही. सुनंदाने ते ऐकलं, पण तिच्या मनाला ते पटलं नाही.

पंधरा दिवसांनी माझी औषधं घ्यायला आम्ही दुकानात गेलो. सुनंदा काउंटरला हात लावून उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही चालेल म्हणालात म्हणून मी घेतल्या, ताई." ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी औषधांचा कागद वाचत होतो. त्या म्हणाल्या, "चुकलं माझं, वहिनी."

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो, माफी मागायला. तिला खरं सांगतो म्हणालो. ताई बरणीवरची धूळ पुसत राहिल्या. "तिला कोनावर तरी राग धरायचा हाय. तुमच्यावर धरला तर ती त्या घरात राहनार कशी? माझ्यावर धरू दे. मी काय, दुकानदार." मला ते ऐकून बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते. सांगायचं मी उद्यावर टाकलं आणि असे उद्या चार वर्षं गेले. सुनंदा त्या दुकानावरून मान फिरवून जायची. पुन्हा दिवस राहिले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. तीन महिने आजारी होत्या आणि त्या तीन महिन्यांतही मी बोललो नाही. अर्धं शटर ओढलेलं बघून सुनंदा म्हणाली, "माणूस वाईट नव्हतं. एकच चूक केली त्यांनी." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, गोळ्या कुठून आणल्या, ताई काय म्हणाल्या होत्या, आणि मी कागद वाचत होतो तेही.

तिने साडी बदलली आणि ताईंच्या घरी जायला निघाली. दारात चप्पल घालताना तिने एवढंच विचारलं, "त्यांना माझा राग आला होता का हो?"

मी खरं सांगितलं. "नाही. कधीच नाही."

ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली.