हाळीला ओ

गल्लीत उभं राहून वरच्या मजल्यावर हाक मारायची एक रीत असते. मुंजाबाला ती ठाऊक नव्हती. जातीचा धनगर, माळावर मेंढरं वळवताना जी हाळी देत आला, तीच तो आमच्या गुलमंडीच्या बोळात द्यायचा. "हुर्र्र... बानूऽऽ!" माझ्या शिलाई मशीनवरचा पाय थांबायचा. आणि वरून, द्वारकाबाईंच्या गाण्याच्या वर्गातून, त्याची सात वर्षांची बानू तशाच लांब सुरात ओ द्यायची, "व्हय आप्पाऽऽ!" वर्गातली पोरं फिदीफिदी हसायची आणि द्वारकाबाई पेटीचा भाता मिटायच्या.

मुंजाबा चितेगावचा. त्याचं चराईचं रान कारखान्यांच्या कुंपणात गेलं, तेव्हा कळप विकून तो त्यातल्याच एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाला. बायको त्याआधीच वारली होती. एवढ्या मोठ्या जगात त्याच्या हाळीला ओ देणारी ती पोरगी तेवढी उरली होती.

द्वारकाबाई गंगापूरकडच्या, बड्या शेतकरी घरातल्या, तोंडानं फटकळ. पोराला शिकवायला घ्यायचं की नाही, हे त्या गळ्यावरून ठरवत नसत. दर रविवारी नुसतं बसवायच्या.

"गळा सगळ्यांनाच असतो रे," त्या मुंजाबाला म्हणाल्या. "आईबापाकडं कान न लावता तासभर बसता आलं पाहिजे."

"मंग म्या हाळी देऊ नाय का?"

"दे की. खुशाल दे. ज्या दिवशी ती ओ देणार नाही, त्या दिवशी शिकवणी सुरू."

आता ही काय परीक्षा झाली? बापानं हाक मारायची आणि पोरीनं ओ दिली की ती नापास! बानूनं शिकावं असं मुंजाबाला मनापासून वाटत होतं, त्यात खोट नव्हती. तिची आई जात्यावर गायची तसं आसपासच्या गावात कुणी गात नव्हतं, असं तो सांगायचा. पण ओ आली की गड्याचा चेहरा असा खुलायचा की बस्स.

"काय मुंजाबा, पास का नापास?" मी विचारायचो.

"नापास!" असं म्हणून तो खुशीत बिडी पेटवायचा.

एखाद्या रविवारी ओ यायची नाही. "रिक्षांचा लई कालवा हाय, ऐकूच गेलं नसंल," असं म्हणून तो आणखी मोठ्यानं ओरडायचा, ओ येईस्तोवर.

ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव द्यायचं की नाही, यावरून शहर धुमसत होतं. द्या की एकदाचं, असं मी म्हणालो की माझं एखादं गिऱ्हाईक तुटायचं. तुटू दे.

त्या रविवारी बंद होता. एसटी नाही, रिक्षा नाही. तरी पोरगी हट्टाला पेटली म्हणून मुंजाबा तिला सायकलच्या नळीवर बसवून घेऊन आला. वर्गात दुसरं कुणी आलं नव्हतं. मी दुकानाची एकच फळी उघडून बसलो होतो. बोळात चिटपाखरू नव्हतं. वरचा तंबोरा खालपर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.

मुंजाबानं हाळी दिली. ओ आली नाही. तंबोरा चालूच.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सुईत दोरा ओवत राहिलो. आज कालव्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. त्यानं पुन्हा हाळी दिली, अख्खा माळ भरेल एवढी लांब. काही नाही.

द्वारकाबाई खिडकीत आल्या. "मुंजाबा, घेतली रे तुझी पोर." त्यांचा आवाज कधी नव्हे तो मऊ होता.

"लई चांगलं झालं, बाई," तो म्हणाला आणि माझ्या पायरीवर मटकन बसला. मी पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. मला त्याची फार कणव आली. पण मनासारखं झालेल्या माणसाचं सांत्वन कसं करतात, ते मला कुठं माहीत होतं?

तास सुटल्यावर बानू धावत खाली आली.

"तुला ऐकू आलं नाय व्हय गं?"

"आलं की."

"मंग?"

"ओ दिली असती तर सूर गेला असता. आप्पा, आता तुमी हाळी देत जाऊ नका."

"नाय देत," मुंजाबा म्हणाला.

पुढं कितीतरी वर्षं तो रविवारी येऊन माझ्या पायरीवर बसायचा. वर्ग सुटायची वेळ उलटून गेली तरी हाक मारायचा नाही. पोरगी आपण होऊन खाली येईपर्यंत तसाच बसून राहायचा.