अंतरपाट खाली येताना

भाचीचं लग्न ठरलं आणि ताईने मला एकच काम सांगितलं. "अक्षता पडताना माझ्या पोरीचं तोंड कसं दिसतं, त्ये मला आणून दाखव. मला काय बघायला मिळनार नाय."

आमच्याकडे मुलीच्या आईने अक्षता बघायच्या नसतात. बाहेर मंगलाष्टकं चालू असताना ती आत देवकापुढे बसून राहते. ताईच्या जावेच्या मुलीच्या लग्नात सगळ्यांनी मोबाईल वर धरले होते. नंतर ताईने ते फोटो एकेक करून पाहिले. तिला कोपरं दिसली, हवेतले तांदूळ दिसले, मुलगी कुठेच नीट दिसली नाही. भावोजी म्हणाले, पोलादपूरहून फोटोवाला सांगू. ताई म्हणाली, "घरात एवढा कॅमेरा असताना?"

कॅमेरा माझा. महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. कायम झाल्यावर शिकाऊ माणसाचा म्हणतात तसला एक डिजिटल कॅमेरा घेतला, डब्यातच मिळालेल्या लेन्ससकट. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. ताईने चौथीनंतर शाळा सोडली आणि म्हशींमागे गेली, म्हणून मला पोलादपूरच्या शाळेत आणि पुढे महाडच्या कॉलेजात जाता आलं. पदवीदान समारंभाला ती आली नाही, कारण त्या दिवशी म्हैस विणार होती. भाड्याचा झगा घातलेला माझा फोटो मात्र तिने चौकटीत घालून वाडीवरच्या आपल्या घरात लावलाय. माझं आयुष्य तिने असंच पाहिलंय, फोटोतून. आता लेकीचं लग्नही तसंच बघणार होती, आणि तो एक फोटो माझ्यावर होता.

तेव्हापासून माझी झोप उडाली. डब्यातली लेन्स मांडवातल्या अंधुक उजेडात कमी पडेल, हे मला माहीत होतं. आणखी एकच वस्तू घेणं जमणार होतं. जेवणाच्या सुट्टीत मी व्हिडिओ बघायचो. एक जण सांगायचा, पन्नास एमएमची लेन्स घ्या, तिचं तोंड मोठं उघडतं, अंधारातही चालते. दुसरा म्हणायचा, लग्नात लांबून काढायला झूमच हवी. तिसरा दोघांना वेड्यात काढायचा आणि फ्लॅशचं गुणगान करायचा. रोज संध्याकाळी मला नव्याने खात्री व्हायची आणि सकाळी दात घासताना ती मोडायची. प्रयोगशाळेत नमुना तपासताना हातातली काचेची नळी उजेडाकडे धरून मी भलताच विचार करत उभा राहायचो.

बाजारपेठेत एक जुना फोटो स्टुडिओ आहे. मालक वापरलेलं सामानही विकतात. झूम त्यांनी आधी दाखवली, पण उजेडासमोर धरल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. आमच्याकडची पावसाळी हवा काचेलाही सोडत नाही. मग पन्नासची घेतली. रविवारी ती घेऊन वाडीवर गेलो. चुलीजवळ बसलेल्या ताईचा फोटो इतका सुंदर आला की मी हरखलो. तिच्या पापणीवरची राखसुद्धा दिसत होती. पण भाची आणि भावोजी तिच्या शेजारी बसले तसे तिघे काही एका चौकटीत मावेनात. मागे सरकत गेलो आणि पाठ कुडाच्या भिंतीला टेकली. मांडवात तर पाऊल मागे घ्यायला जागा नसणार.

सोमवारी मी पुन्हा स्टुडिओत.

"या," मालक म्हणाले. "आज काय, लेन्स रुसली?"

"ही परत घेऊन फ्लॅश देता का?"

"देतो. पण उद्या फ्लॅश आणून देऊन स्टँड मागाल. परवा म्हणाल, काका, तुम्हीच चला वाडीवर."

मी हसलो, पण खरं सांगायचं तर तो विचार माझ्या मनात येऊन गेला होता.

फ्लॅशचं डोकं वर वळवता येत होतं. उजेड छतावर मारायचा, म्हणजे तो मऊ होऊन खाली येतो, असं फ्लॅशचे सगळे व्हिडिओवाले म्हणायचे. त्यांच्या सगळ्यांच्या घरांना पांढरी छतं होती. हळदीच्या दिवशी दुपारी मी मांडवात भाचीसमोर उभा राहिलो, फ्लॅश वर केला आणि दाबला. वर निळी ताडपत्री होती. हळद लावलेली भाची फोटोत चक्क हिरवी आली.

"मामा, मी काय कैरी हाय?" ती ओरडली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

फ्लॅश सरळ केला, तर तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरं. शेवटी रुमालाची एक घडी त्यावर बांधली, आणि डब्यातल्या लेन्समधूनही बरा रंग आला. मी सुटलो. भावोजींना म्हणालो, उद्या मी नवऱ्याच्या बाजूला स्टूल टाकून उभा राहतो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आनि पोरीमागं कोन उभा र्‍हानार? मी?"

एवढे दिवस मी काचा, उजेड आणि ताडपत्री यांत इतका बुडालो होतो, की मी मुलीचा मामा आहे हेच माझ्या डोक्यातून गेलं होतं. मामाने भाचीला हात धरून मांडवात आणायचं आणि अक्षता संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. माझ्यासमोर तिची वेणी असणार, तोंड नाही. मामा मी एकटाच. बदली माणूस नव्हता. ताईला हे सांगायला मी आत गेलो आणि तसाच बाहेर आलो. ती देवकासाठी जागा सारवत होती.

रात्रभर कूस बदलत होतो. सकाळी वऱ्हाड आलं, चहा फिरू लागला, आणि फेटा बांधून घेणारा एक जाडसर माणूस मला दिसला. नवऱ्याचा मामा, मुंबईला टॅक्सी चालवणारा. तो नवऱ्यामागे उभा राहणार. म्हणजे भाचीच्या बरोबर समोर!

मी कॅमेरा घेऊन त्यांच्यापुढे गेलो आणि सगळं सांगितलं. आईने अक्षता बघायच्या नसतात, हेही.

"हां, आमच्यात पण हाय तसं," ते म्हणाले. "बटन कुठलं? बाकी टेन्शन घेऊ नका पाव्हणं."

"अंतरपाट खाली आला की दाबायचं. आधी नको. एकदा चमकला की फ्लॅशला परत भरायला वेळ लागतो."

"सिग्नल सुटल्याशिवाय गाडी काढायची नाय. समजलो."

मंगलाष्टकं सुरू झाली. मी भाचीच्या मागे. तिच्या खांद्यापलीकडे अंतरपाट, त्याच्यावर नवऱ्याच्या मुंडावळ्या, आणि त्यांच्याही वर तो फेटा. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात माझा कॅमेरा. नारळ कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी तो काखेत मारला. माझे पाय जागच्या जागी हलत होते. भाची न वळता कुजबुजली, "मामा, गप उभा र्‍हा ना."

शेवटचं कडवं चालू झालं आणि फ्लॅश चमकला. अंतरपाट अजून वरच होता. पांढरं कापड दिव्यासारखं उजळलं. मी मान ताणून त्यांच्याकडे बघत राहिलो. फ्लॅश भरला की त्याच्या पाठीवर पेटणारा लाल ठिपका मला इथून दिसणार नव्हता, तरी तोच शोधत होतो. भरला का? वाजंत्री सुरू झाली, कापड खाली गेलं, तांदूळ उडाले. पुन्हा काही चमकलं की नाही, मला कळलं नाही. कुणीतरी टाकलेल्या अक्षता माझ्या डोळ्यांतच गेल्या.

गर्दीतून कॅमेरा हातोहात माझ्याकडे आला. मी न बघता तो घेऊन आत गेलो. आधी बघायचं धैर्य नव्हतं. ताई देवकापुढे पाय दुमडून बसली होती. तिने हात पदराला पुसला.

पहिल्या फोटोत नुसतं पांढरं कापड. मी पुढचा लावला.

फोटो वाकडा होता. डावीकडे नवऱ्याचा भलामोठा कान. मधोमध भाची, हार उचललेली, कपाळावर दोन तांदूळ चिकटलेले, हसू दाबून ठेवलेलं आणि डोळे भरलेले. स्वच्छ दिसत होती. ताईने पडद्याला बोट लावलं नाही, कॅमेरा डोळ्यांजवळ नेला फक्त. बराच वेळ बघितलं.

"आनि मागं हा कोन?"

लेकीच्या खांद्यावरून मान ताणलेला, तोंड उघडं टाकलेला मी होतो.

"बगळ्यावानी काय बघतोयस रे?"

"फ्लॅश भरला का, ते."

ती हसली आणि हसता हसताच रडायला लागली. मग कॅमेऱ्याचा पट्टा तिने स्वतःच्या गळ्यात अडकवला, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि तशीच लेकीला भेटायला मांडवात गेली.