खांबबाईंचा चेहरा

चित्रकलेच्या कॉलेजात त्यांना सगळे खांबबाई म्हणत. सव्वीस वर्षं त्या लाकडी चौथऱ्यावर अंगावर कपडा न घेता बसल्या आणि त्यांना पाहून मुलं माणसाचं अंग काढायला शिकली. नाकावर माशी बसली तरी बाई हलायच्या नाहीत. सुट्टीत उठण्याआधी पावलांभोवती खडूची रेघ ओढायच्या, म्हणजे परत तसंच बसता येई. अट एकच होती, चेहरा काढायचा नाही. मुलांनी शब्द पाळला. प्रत्येक कागदावर मानेच्या वर कोरी जागा. घरी मुलीला सांगितलं होतं, आई कॉलेजच्या लायब्ररीत असते. संध्याकाळी अंग गारठलेलं असे, तर म्हणायच्या, लायब्ररीत फार थंडी गं.

निवृत्त होऊन चार वर्षं झाली आणि जुना शिपाई सांगत आला. त्यांच्या एका विद्यार्थ्याने ती हजारो चित्रं संगणकाला शिकवली होती. आता संगणकच बाईंना काढत होता, कलादालनात, भिंतभर पडद्यावर.

बाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. एकेक रेघ उमटत होती. खांदे त्यांचे, पाठ त्यांची, पावलांभोवती खडूसुद्धा. चेहरा मात्र कोरा. जीव भांड्यात पडला, पण चैन पडेना. कोराच राहतोय ना, हे बघायला त्या रोज जाऊन तासभर समोर उभ्या राहू लागल्या.

पाचव्या दिवशी भुवया आल्या. आठव्या दिवशी हनुवटीवरचा तीळ.

नवव्या दिवशी त्यांनी त्या विद्यार्थ्याला, आता चित्रकार झालेल्या, दालनाच्या ऑफिसात गाठलं. कुणाला विचारून केलंस, म्हणाल्या. तो ओशाळला. चित्रं कॉलेजच्या मालकीची, कॉलेजने लेखी परवानगी दिली होती. आणि अंग कुणाच्या मालकीचं, बाईंनी विचारलं.

"पण बाई, चेहरा मी नाही दिला," तो म्हणाला. "पडद्यावर कॅमेरा आहे. समोरच्यांचे चेहरे घेऊन तो कोरी जागा भरतो. लोक हलतात, म्हणून काहीच उमटत नाही. इतकं स्थिर कुणी उभं राहील असं वाटलंच नव्हतं."

म्हणजे बाईंनीच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

आत्ताच बंद करतो, म्हणत तो निघाला. मागोमाग बाई दालनात शिरल्या आणि दारातच थबकल्या. पडद्यासमोर त्यांची मुलगी उभी होती. तिच्याबरोबर आलेल्या तिच्या ऑफिसच्या मैत्रिणी कधीच पुढे गेल्या होत्या. ही मात्र पापणीसुद्धा न हलवता उभी.

"आई," पावलं ओळखून, मागे न बघताच ती म्हणाली, "लायब्ररीत इतकी थंडी असायची?"

बाजूला हो, असं बाईंना म्हणायचं होतं. पडद्यावरचा तीळ पुसट होत चालला होता आणि उजव्या भुवईवर, मुलगी लहानपणी पडली होती तिथला व्रण, हळूहळू उमटत होता.