माइकवरचं भांडण

माइकसमोर हात जोडून, चेहऱ्यावर गोड हसू ठेवून सख्ख्या भावाला फैलावर घ्यावं, तर ते आमच्या दीदींनीच.

दीदी आणि त्यांचे धाकटे भाऊ बाळूभैया ही बुंदेली लोकगीतांची जोडी. घर पक्कं मराठी, वडील कारखान्यात नोकरीला, आणि या दोघांच्या गळ्यात मात्र होळीची आणि लग्नाची बुंदेली गाणी. जबलपूरच्या आसपासच्या गावांत त्यांच्याशिवाय मांडव सजत नसे. मी अठरा वर्षं दोघांच्या मधे ढोलक घेऊन बसलो.

श्रोत्यांना मराठी कळत नाही, म्हणून दोन कडव्यांच्या मधली जागा भांडणासाठी राखीव असायची. "बाळ्या, नाकात काहून गाऊन राहिला?" दीदी हसून विचारायच्या. "तू आधी ताल सांभाळ, म्हातारे," भैया मान लववून उत्तर द्यायचे. पुढच्या रांगेतले एखादे आजोबा भक्तिभावानं नमस्कार करायचे. त्यांना वाटायचं, देवाचं काहीतरी चाललं आहे.

मागच्या वर्षी दीदींच्या मुलानं त्यांना बंगळुरूला कायमचं बोलावलं. दसऱ्यानंतर जायचं ठरलं. भैयांनी ऐकलं, "अच्छा" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून थेट होळीपर्यंतचे जोडीचे कार्यक्रम ठरवत सुटले.

गणपतीत जबलपुरातल्याच नेपियर टाउनमधल्या मराठी मंडळानं आम्हाला बोलावलं. पहिलं गाणं रंगात आलं, मधली जागा आली, आणि दीदी सवयीनं सुरू झाल्या. "होळीच्या तारखा काहून घेतल्या रे? मी जाऊन राहिली ना!"

"मग जा ना. कोण अडवून राहिलं?"

"तेच तर! एकदा तरी अडव ना, मेल्या!"

समोर बसलेली सगळी माणसं मराठी आहेत हे तेव्हा फक्त माझ्या लक्षात आलं. माझा हात ढोलकवर थांबला. मग पहिल्या रांगेतल्या एक काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, अडवा की त्यांना!" आणि असा हशा उसळला की विचारू नका. दीदींनी पदरात तोंड लपवलं. भैयांनी लाजेनं पुढचं कडवं एवढ्या वरच्या सुरात उचललं, की ते कुणालाच झेपलं नाही. दुसऱ्या दिवशी शहरात अधारतालपासून ओमतीपर्यंत प्रत्येक मराठी घरातल्या फोनवर ते भांडण पोचलं होतं. आमच्या एकाही गाण्याला तेवढी दाद मिळालेली नाही.

चारचौघांत शोभा झाली म्हणून दोघांनी बोलणंच टाकलं. सराव मात्र रोज. "त्याला सांग, पट्टी उतरव," दीदी मला सांगायच्या. 'तो' हातभर अंतरावर पेटी घेऊन बसलेला असायचा. दसरा जवळ आला तरी कुणी माघार घेईना, आणि मला रात्रंदिवस त्याचाच घोर.

जायच्या दिवशी भैयांनी स्टेशनवर सामान चढवलं, बाटलीत पाणी भरून आणलं, सीटवरची धूळसुद्धा झटकली. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा खिडकीचा गज धरून, दीदींकडेच बघत, ते मला म्हणाले, "यार, तिला म्हणाव, जाऊ नको."

निरोप पोचवायला मी खिडकीकडे वळलो. दीदींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्या हसत होत्या.

"त्याला म्हणाव, ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "चलो, आता जायला हरकत नाही."