तुटू नये म्हणून घेतलेली लाइन

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितोय. गळाने मोठे मासे धरायला समुद्रात जाणाऱ्यांनी वाचाच.

जड माशांसाठी गळाला नवी ब्रेडेड लाइन घेतली होती. शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक, पण घट्ट विणलेली. दुकानदाराला मी एकच विचारलं, "टूटेगी तो नहीं ना?"

आज सकाळी उत्तनहून फ्रान्सिस अंकलच्या होडीतून निघालो. अंकलचा जन्म जाड नायलॉनच्या दोरीवर गेलाय. मासा जोर करायला लागला की ते दोरी हाताला गुंडाळून ओढतात.

मासा लागला, रॉड वाकला. मी काही बोलायच्या आत अंकलनी सवयीने माझी लाइन पंजाला गुंडाळली आणि मासा खाली पळाला. लाइन मांसात रुतली. अंकल होडीच्या काठावर खेचले गेले.

"अंकल, सोडा."

"सुटत न्हाय."

सुरी बर्फाच्या पेटीखाली होती. मी ती ओढून काढली, तर अंकल म्हणतात, "कापू नको, मासा मोठा हाय."

मी कापली.

अंकलच्या पंजाला टाके पडलेत, बोटं शाबूत आहेत. दवाखान्यातून निघताना ते एवढंच म्हणाले, "असा मासा परत लागत न्हाय."

तुटणार नाही म्हणून निवडलेली लाइन, ती तुटावी म्हणून आज मी देवाला हाका मारत होतो.

तुमच्या होडीत सुरी कुठे असते? आठवावं लागत असेल, तर तुम्हीही माझ्यासारखेच.