चालतं बाकडं

माझी आई बाकड्यावर बसली आणि डोंगरावर निघून गेली. यात तिची काही चूक नव्हती. "बाकड्यावर बस आणि मी सांगेपर्यंत अजिबात हलू नकोस," असं मीच तिला बजावलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी परदेशात, न्यू लिनमध्ये फार्मासिस्ट होतो. आई-नाना साताऱ्याहून पहिल्यांदाच आले होते, आणि माझ्या मुलीच्या, सईच्या, वर्गातली यच्चयावत मुलं स्कीइंग करून आली होती. म्हणून आम्ही सहकुटुंब रुआपेहूच्या बर्फावर जायचं ठरवलं. (सहकुटुंब म्हणायचं, पण कुटुंबालाच रजा मिळाली नाही. सुनीता हॉस्पिटलमध्ये नर्स.) निघताना तिने मला दारातच थांबवलं.

"आईंनी सकाळी शुगरची गोळी घेतली की त्यांना वेळेवर खायला दे. बर्फ बघून विसरू नकोस."

"अगं, मी रोज लोकांना हेच सांगतो."

"लोकांना सांगतोस, म्हणूनच म्हणतेय."

रुआपेहू जिवंत ज्वालामुखी आहे, हे नानांना वाटेत सईकडून कळलं. ते म्हणाले, "बंड्या, सुट्टीला न्यायला तुला दुसरा डोंगर मिळाला नाही का?"

तिथे पोचल्यावर सई स्कीच्या वर्गाला पळाली. मी आई-नानांना तारेवरच्या पाळण्यांतून नुसतं फिरायचे पास काढून दिले आणि ते त्यांच्या गळ्यात अडकवले. आईच्या साडीवरून भाड्याची लाल विजार चढवली, वर गुडघ्यापर्यंत येणारं जाकीट, डोक्यावर टोपी. एवढ्या कपड्यांत आईचं फक्त नाक दिसत होतं. तिच्या खाण्याचा डबा माझ्या पिशवीत होता. बूट घालून झाले की खाऊ, असा माझा बेत.

स्कीचे बूट आपण घालत नाही, ते आपल्याला घालतात. मी नानांच्या खांद्याचा आधार घेऊन पाय कोंबत होतो, तेव्हाच आईला "त्या बाकड्यावर बस" म्हणून मागे हात दाखवला. मागे दोन बाकडी होती. एक जमिनीत रोवलेलं होतं. दुसरं तारेला लटकत आलं, आईच्या पाठीमागे क्षणभर रेंगाळलं, आणि तिथल्या माणसाने गळ्यातला पास बघून तिला अदबीने वर बसवलं. हे सगळं मला नंतर कळलं. मी बूट आवळून मागे वळलो, तेव्हा जमिनीतल्या बाकड्यावर कुणीच नव्हतं.

"नाना, आई कुठाय?"

"तू बसवलीस ना कुठेतरी?"

त्याच वेळी वारा सुटला. ढग खाली उतरला आणि समोरचा डोंगर दिसेनासा झाला. वरचे पाळणे बंद केल्याची घोषणा झाली. आईच्या पोटातली गोळी सकाळपासून काम करत होती, आणि तिचा डबा माझ्या खांद्याला होता! शुगर उतरली की आधी घाम येतो, हातपाय थरथरतात, मग माणूस भलतंच बोलायला लागतो. हे मी काउंटरमागून शेकडो लोकांना हसतमुखाने सांगितलं होतं. आता हसू येत नव्हतं.

मी कॅफे पाहिला, दुकान पाहिलं. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभा राहून "आई, आई" अशा हाका मारल्या. त्या बुटांत धावताना ठाक ठाक आवाज होत होता आणि लोक वाट करून देत होते. वर्गातून परतलेली सई म्हणाली, "डॅड, एव्हरीवन इज लुकिंग." मी चौकशीच्या खिडकीशी जाऊन तिथल्या मुलीला वर्णन सांगितलं: वयस्क भारतीय बाई, हिरवी साडी. तिने वायरलेसवर सगळीकडे विचारलं. डोंगरावर कुठेही हिरवी साडी नव्हती. (साडीवर विजार मीच चढवली होती, हे मला आठवलंच नाही.)

तेवढ्यात भोंगा खरखरला. "मिस्टर आहाऊ, मिस्टर आहाऊ. तुमच्या पत्नी वरच्या झोपडीत थांबल्या आहेत. कृपया ऑफिसात या."

"कुणीतरी सापडलं वाटतं," नाना आशेने म्हणाले. टोपीने त्यांचे कान झाकले होते.

"आपलं नाही, नाना. कुणी मिस्टर आहाऊ आहे."

भोंगा पुन्हा खरखरला. मिस्टर आहाऊ काही येईना. तिसऱ्यांदा मात्र माझी चिडचिड झाली. मी खिडकीतल्या मुलीला म्हणालो, "बायको हरवलीय याचा त्या गृहस्थाला पत्ताच नाही! असल्या माणसांना डोंगरावर सोडता कशाला?"

"खरंय," ती म्हणाली.

नाना बाकावर बसले होते. जमिनीतल्याच. त्यांनी आईचे हातमोजे घट्ट धरले होते. "तिला इंग्रजी येत नाही रे," ते हळूच म्हणाले. "आणि मी नसलो की ती खात नाही." नानांचा आवाज मी तसा कधीच ऐकला नव्हता. मी रडायच्या बेतात होतो.

मग भोंग्यातून खाकरल्याचा आवाज आला. आणि अख्ख्या रुआपेहूवर, ढगातून, शुद्ध साताऱ्याच्या ठसक्यात:

"डोंगरावर बर्फ, बर्फावर ढगांची दाटी,
विनायकरावांचं नाव घेते, खाली न्यायला यावं यासाठी!"

नानांनी टोपी उपटून काढली. "अरे, हा तर मीच."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आईने उखाण्याबाहेर त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. आता डोंगरावर पर्याय उरला नव्हता, म्हणून तिने उखाणाच घेतला. तिला कुणीतरी माइक दिला होता.

वारा पडला, पाळणे सुरू झाले. "मी जातो," असं म्हणत नानांनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीतला डबा काढून घेतला आणि येत्या बाकड्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने दोघं शेजारी शेजारी बसून ढगातून खाली आली. डबा रिकामा होता. आई ठणठणीत होती, फक्त तिच्या लाल विजारीवरून, गुडघ्याला, हे भलंमोठं बँडेज बांधलेलं होतं.

"आई, चक्कर नाही ना आली? घाम?"

"छे रे. त्यांनी गरम चॉकलेटचं दूध दिलं. फार मायाळू माणसं."

"मग मिस्टर आहाऊ कशाला सांगितलंस त्यांना?"

"त्यांनी खाणाखुणा करून विचारलं, नवऱ्याला काय म्हणता? मी म्हटलं, अहो. खोटं कशाला सांगू?"

खिडकीतली मुलगी आता माझ्याकडे निरखून बघत होती. मी तिच्याकडे पाठ फिरवली.

"अगं, पण मग माझं नाव तरी सांगायचंस."

"सांगितलं की," आई म्हणाली. "चांगलं तीनदा सांगितलं. बंड्या, बंड्या, बंड्या. तर त्यांनी हे गुडघ्याला बांधलं."